प्रणालीचा डावा पाय

मी रेडिओलॉजिस्ट आहे. मशीन दाखवेल तेवढंच मानायचं, ही माझी सवय. भुताखेताचा विषय निघाला की मी सरळ उठून जायचे. पण हे मी मशीनवरच पाहिलंय... त्यामुळे उठून जायला जागाच उरली नाही.

चंद्रपूरला माझं सोनोग्राफी सेंटर आहे. धान कापणीच्या दिवसांत, भर दुपारी, सावली तालुक्यातल्या एका गावातून प्रणाली आली. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी. पळताना उजव्या मांडीच्या मागे चमक भरली होती. आई बाहेर बसली. मी प्रणालीला पालथं झोपवून तपासलं — हॅमस्ट्रिंगला किरकोळ ताण होता.

"भरतीपर्यंत ठीक होशील," म्हटलं. ती हसली.

मग तुलनेसाठी चांगल्या, डाव्या मांडीवर प्रोब ठेवला. स्नायूचे तंतू कंगव्याने विंचरल्यासारखे सरळ... आणि माझ्या डोळ्यांदेखत ते फाटायला लागले. कोणी आत सुरा खुपसून वर ओढावा तसे! मधल्या फटीत काळं रक्त भरत गेलं. प्रणाली किंचाळली — "दादाले सोड! सोड त्याले!" तिने दातांनी गादीचं रेक्झिन फाडलं. मी आणि नर्स, दोघींनाही ती आवरेना. कातडीवर मात्र साधा ओरखडा नव्हता.

तेवढ्यात आई फोन घेऊन आत धावत आली. "मॅडम, माह्या मंगेशले डुकरानं फाडलं! आत्ताच, वावरात... मांडी फाडली म्हणते!"

मंगेश म्हणजे प्रणालीचा मोठा भाऊ. रानडुकराने मागून त्याच्या डाव्या मांडीत सुळा घातला होता.

संध्याकाळी त्याला चंद्रपूरला आणलं. टाके घातल्यावर सर्जन मित्राचा मला फोन आला. आवाज विचित्र होता. "अगं, सुळा पार हाडापर्यंत गेलाय, कातडी दोन्हीकडे लोंबत होती... आणि मधला स्नायू अख्खा! एक तंतू तुटलेला नाही. असं कसं होईल?"

मी दुपारच्या इमेजेस पुन्हा उघडून बसले.

मंगेश लवकरच चालायला लागला. प्रणालीचं ऑपरेशन करावं लागलं. भरती हुकली, डावा पाय ती अजून ओढत चालते. तिच्या इमेजेस मी ओळखीच्या डॉक्टरांना दाखवल्या.

फॉलोअपला आली तेव्हा न राहवून विचारलं, "तुला त्या वेळी नक्की काय दिसलं गं?"

"दिसलं काईच नाई, मॅडम," ती म्हणाली. "दादाचा आवाज आला. मंग मी मधात पाय घातला."