गाळाची पावती

चहा येईस्तोवर सांगून टाकतो. चहा घेऊन आमच्या सुमनताई इथं येऊन बसल्या की हा किस्सा माझा राहणार नाही. फक्त एक विनंती आहे. मी स्वतःला किती शहाणा समजत होतो तो भाग आला की एकमेकांकडे बघून माना डोलवू नका. मला ते माहीत आहे.

तर मी कोराडीच्या वीज केंद्रात केमिस्ट होतो. एकतीस वर्षं. लोकांना वाटतं वीज कोळशानं होते. अहो, कोळसा नुसता जळतो, खरं काम पाण्याचं. बॉयलरला जे पाणी लागतं ते इतकं शुद्ध की त्याच्यापुढं तुमचं पिण्याचं पाणी म्हणजे आमटी. ते पास करायचं की नापास, हे मी ठरवायचो. माझ्या सहीशिवाय थेंब पुढं सरकत नाही, असं मी घरी सांगायचो. ऑफिसात जरा कमी सांगायचो.

निवृत्त झालो, मानकापूरला फ्लॅट घेतला आणि वर्षाच्या आत सुमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सुमन म्हणजे माझी बायको. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तिला तीन महिने जिना उतरायला मनाई केली. जन्मभर शाळेत पन्नास-साठ पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी बाई खिडकीशी खुर्ची टाकून स्वतःच गप्प बसायला लागली. मी बोलायचा प्रयत्न करायचो, पण मला पाण्यापलीकडे विषय येतात कुठं? शेवटी आमच्या मुलीनं बंगळुरूहून फोनवर सांगितलं, "बाबा, आईला माशांची टाकी आणून द्या. बघत बसेल."

पाणी म्हटल्यावर माझ्या अंगात संचारलंच.

दोन दिवस मी आरओचं पाणी जमवलं, साठ लिटर. त्या दोन दिवसांत घरात चहासुद्धा नळाच्या पाण्याचा झाला. मग दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा होता. तो म्हणाला, "काका, टाकी भरून महिनाभर तशीच चालू ठेवा. पानी पिकू द्या. मंग मासे न्या." आता सांगा, पाणी पिकू द्या? ते काय आंबा आहे? मी नुसता हसलो आणि दोन फुटी टाकी आणि पाच गोल्डफिश त्याच दिवशी रिक्षात घालून घरी आणले.

सुमनची कळी खुलली. पाचातला एक मासा चांगला गुबगुबीत आणि शेपटीला थोडा वाकडा होता. त्याचं नाव तिनं ठमी ठेवलं. सकाळी उठल्याबरोबर काठी टेकत टाकीपाशी जायची. "काय वं ठमे, झोप झाली काय? काल लय भांडून राहिली होती तू त्या काळ्याशी." मी स्वयंपाकघरात पोहे परततापरतता ऐकायचो. कितीतरी दिवसांनी घरात तिचा आवाज होता. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी पाणी किंचित धुरकट दिसलं.

तुमच्यासारख्या माणसानं दुर्लक्ष केलं असतं. मी नाही केलं. माशांना बादलीत काढलं, सगळं पाणी ओतून दिलं, काच घासली, तळातले गोटे उकळत्या पाण्यातून काढले आणि तोवर पुन्हा जमवलेलं आरओचं पाणी भरलं. टाकी अशी चमकली की आत पाणी आहे की नाही कळेना. दुसऱ्या दिवशी काळा मासा उलटा तरंगत होता.

आता एकतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस यातून काय निष्कर्ष काढेल? कुठंतरी घाण राहिली. मी शोध घेतला आणि घाण सापडली. फिल्टरमध्ये एक स्पंज असतो, तो चॉकलेटी, बुळबुळीत झाला होता. मी तो कुकरमध्ये घातला आणि तीन शिट्ट्या काढल्या.

"त्याच कुकरात वरण लावता काय आता?" सुमन म्हणाली.

"जंतू मेले पाहिजेत," मी म्हणालो.

"जंतूचं माहीत नाही. मासे मरून राहिले न."

दोन दिवसांनी आणखी एक गेला. मग मी रोज टाकी धुवायला लागलो. जितके मासे मरत, तितका मी घासत होतो, आणि जितका घासत होतो, तितके मरत होते. हे आता तुम्हाला सरळ दिसतंय. मला दिसत नव्हतं. दहाव्या दिवशी टाकीत एकटी ठमी उरली. तीही तळाशी पंख मिटून बसलेली, दाणे वरून पडले तरी बघत नव्हती. सुमननं खुर्ची परत खिडकीकडं वळवली. मी ब्रश घेऊन आलो तर ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी तिले हात नका लावू आता. मरायची असेल तर सुखानं मरू द्या तिले."

रागावली असती तर परवडलं असतं.

मी तडक दुकान गाठलं. खिशातलं क्षार मोजायचं मीटर काढून त्या पोराला दाखवलं, की बघ बाबू, माझ्या पाण्यात क्षार नाहीत, जंतू नाहीत, गाळ नाही, काही म्हणजे काहीच नाही.

"तेच तर न काका," तो म्हणाला. "काहीच नाही, तर मासा जगन कशावर? माशाची घाण खानारे जंतू असतात. ते स्पंजमंदी राहतात, गोट्याले चिकटून राहतात. ते बसाले महिना लागते. तुमी त्यायले रोज मारून राहिले. मंग मासा सोताच्याच घाणीनं मरते. स्पंज धुतला तर नाही न?"

कुकरचं मी त्याला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

"आता उपाय?"

"एखाद्या जुन्या टाकीतली घाण आना. स्पंज पिळून आना. आजच. कोराडीले एक काका आहेत, नऊ वर्षांची टाकी आहे त्यायची. मेश्राम काका. तिकडं पावरहाउसातच होते."

मेश्राम माझ्याच हाताखाली होते. वीज केंद्रात नदीचं पाणी निवळायला मोठे हौद असतात. एका वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी मेश्रामांनी एक हौद साफ केला, पण तळाशी वीतभर गाळ मुद्दाम ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, थोडा गाळ राहू द्यावा लागते. नवा गाळ त्यालेच धरून बसते." मी ऐकून घेतलं नाही, हौद तळापर्यंत धुवायला लावला. सगळ्यांसमोर बोललो, आणि वर कामात हलगर्जी केली म्हणून मेमो दिला. पूर्ण धुतलेल्या त्या हौदानं पुढं आठ दिवस गढूळ पाणी दिलं. ते मी पावसाच्या नावावर खपवलं.

आणि आता मला त्याच माणसाकडं घाण मागायला जायचं होतं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. पण डोळ्यांपुढं सुमनची पाठ दिसत होती. स्कूटरला दोन कॅन बांधले आणि निघालो.

"जयभीम साहेब. या, या. इकडं कसे आज?" मेश्राम दारातच भेटले. बैठकीत त्यांची टाकी होती. काचेवर हिरवा थर, तळाशी मऊ गाळ, आणि त्यात हाताएवढे मासे मजेत फिरत होते. मी कितीतरी वेळ त्या माशांकडंच बघत राहिलो. मग सगळं सांगितलं. मेश्राम एकदाही हसले नाहीत. बाही वर करून त्यांनी टाकीत हात घातला आणि माझ्या कॅनमध्ये स्पंज पिळला. चहासारखं पाणी उतरलं.

माझ्यानं राहवलं नाही. "मेश्राम, तो हौदाचा मेमो... तुमचं बरोबर होतं."

ते पिळतच होते. "मले माहीत होतं साहेब."

"वापस घेऊ काय तो?"

"आता कोनाच्या सहीनं घेता? दोघंही रिटायर झालो." मग हात पुसून ते आत गेले आणि एक कोरा कागद घेऊन आले. "पन माल चालला आहे साहेब. पावती द्या."

"कशाची पावती?"

"गाळ मिळाल्याची. तुमीच शिकवलं न, सहीशिवाय काही हलवाचं नाही."

मी मुकाट्यानं लिहिलं. 'श्री. मेश्राम यांच्याकडून गाळ दोन कॅन मिळाला. नमुना तपासला. दर्जा उत्तम.' खाली सही, तारीख. लिहिताना लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यांच्या नावापुढं चांगला शेरा मी पहिल्यांदाच लिहीत होतो.

परतताना एक कॅन गळायला लागला. सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला म्हणाला, "काका, तुमच्या गाडीतून नाली गळून राहिली." मी म्हटलं, "माहीत आहे, औषध आहे ते." त्यानं सिग्नल सुटायची वाटही पाहिली नाही.

घरी येऊन ते पाणी मगामगानं टाकीत सोडलं, स्पंजवर ओतलं आणि हात मागं बांधून बसलो. अख्ख्या नोकरीत इतकं अवघड काम केलं नव्हतं. पाणी गढुळलं, मी बसून राहिलो. काचेला हिरवं आलं, मी बसून राहिलो. पाचव्या दिवशी ठमी वर आली आणि दाणा खाऊन गेली. सुमननं खुर्ची टाकीकडं वळवली. मुलीला मी स्वतः फोन केला, म्हटलं, घाण छान बसली आहे.

सुमन जिना उतरायला लागली तेव्हा पहिल्यांदा आम्ही मेश्रामांकडंच गेलो, आभार मानायला. त्यांच्या टाकीच्या वर, भिंतीवर, माझी पावती चौकटीत लावलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात म्हणे. सुमन काठी टेकत जवळ गेली. चष्मा नीट करून, वही तपासावी तशी तिनं ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

"काही म्हणा," ती मेश्रामांना म्हणाली, "अक्षर मात्र स्वच्छ आहे यांचं."