प्रिंटरच्या कपाळी कुंकू

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली व्यक्ती मी, आणि त्याचे परिणाम घरचे अजून भोगून राहिले आहेत.

आजोबा भंडाऱ्याकडची धानाची बांधी (म्हणजे भाताचं शेत) सोडून भिलाईला आले, बाबांनी कारखान्यात जन्मभर क्रेन चालवली, आणि खुर्सीपारच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं एका टेबलावर जगलो. चौघं म्हणजे आई, बाबा, मी आणि धाकटा निलेश. त्याच टेबलावर आई पोळ्या लाटायची आणि त्याच टेबलावर मी भूगोलाचे नकाशे काढायची. त्यामुळे माझ्या नकाशातला हिमालय खरोखरच पांढरा असायचा. (कणकेमुळे!)

कागद छापायचा तर सुपेल्याच्या बाजारात जावं लागे. निलेश आयटीआय करून ठेकेदाराकडे राबत होता. मागच्या खेपेला सरकारी नोकरीचा फॉर्म भरायला तो शेवटच्या दिवशी सुपेल्याच्या दुकानात रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा लाइट गेली. लाइट आली तेव्हा मुदत गेली! यंदा पुन्हा भरती निघाली. ही सुटली तर पुढची कधी निघेल, देव जाणे. बाबा म्हणाले, "आता घरीच मशीन आणू. घरात ग्रॅज्युएट असून आपण रांगेत कायले उभं राहायचं?"

घरात कंप्युटर होता. मामानं नवीन घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला होता. तो सुरू होईपर्यंत चहा होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचे. प्रिंटर निवडायचं काम अर्थातच ग्रॅज्युएटकडे आलं.

दुकानदारानं विचारलं, "मॅडम, घर पे कंप्युटर कौन सा है?"

"काला," मी म्हटलं.

(भूगोलात पदवी आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.)

"नहीं मॅडम, मतलब कितना पुराना है? सिस्टम कौन सा डला है?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगायला काही हरकत नव्हती. पण शेजारी बाबा उभे होते आणि खुर्सीपारपासून दुकानापर्यंत त्यांनी ऑटोवाल्याला "बेटी ग्रॅज्युएट है" हे एवढ्या वेळा ऐकवलं होतं, की आम्ही उतरताना तो माणूस मला नमस्ते करून गेला होता! मी मान ताठ करून म्हटलं, "उस में सब चलता है।"

इकडे बाबांनी आपली तपासणी सुरू केली होती. ते एकेक प्रिंटर दोन्ही हातांनी उचलत, तोलत आणि तोंड वाकडं करून खाली ठेवत.

"हा हलका आहे."

"बाबा, प्रिंटर उचलायचा नसतो. त्यावर छापायचं असतं."

"मले नको शिकवू. जिंदगीभर क्रेनवर होतो मी. वजनावरून माल कळते!"

शेवटी ज्याला उचलताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, तो पसंत पडला. वर काचेचा स्कॅनर, खाली प्रिंटर. दुकानदार बिचारा शेवटपर्यंत सांगत होता, "मॅडम, एक बार डिब्बे की साइड में पढ़ लीजिए, किस सिस्टम पे चलेगा।" मी डब्याकडे पाहिलं. डब्यावर एक गोरंगोमटं कुटुंब प्रिंटरभोवती हसत उभं होतं. मला तेवढा पुरावा पुरला.

घरी आणल्यावर वायर जोडली. कंप्युटरनं प्रिंटरला ओळखच दाखवली नाही. सोबतची सीडी घातली, तर पडद्यावर आलं की हे तुमच्या कंप्युटरला जमणार नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आपका सिस्टम पुराना है मॅडम। प्रिंटर बदल लो, नहीं तो कंप्युटर। डिब्बा लेके आ जाओ।"

डबा! तो तोवर आईनं कापून फळीवर अंथरला होता आणि त्यावर लोणच्याच्या बरण्या विराजमान झाल्या होत्या.

"लग्न जुळवताना दोन्हीकडच्या पत्रिका पाहा लागते वो," आई म्हणाली. "तू नवरदेव उचलून आणला, नवरीले इचारलंच नाही!"

बाबा तेव्हापासून मला "मॅडम" म्हणायला लागले. "मॅडम, चहा घ्या." "मॅडम, तुमचा प्रिंटर जरा सरकवा, मले पेपर ठेवाचा आहे."

फॉर्मची मुदत जवळ येत होती आणि मध्येच आली विश्वकर्मा पूजा. भिलाईत त्या दिवशी क्रेनपासून सायकलपर्यंत जे जे फिरतं, त्याला हळदकुंकू लागतं. आईनं कूलर पुजला, मिक्सर पुजला, बाबांची लुना पुजली आणि प्रिंटरकडे वळली. झाकण उघडलं. आत काच.

"वरून टिक्का लावून काय फायदा? तोंड तर आत आहे याचं!"

आणि तिनं पाण्यात कालवलेल्या कुंकवाचा टिळा थेट काचेच्या कोपऱ्यात लावला. अक्षता कागदाच्या ट्रेमध्ये गेल्या.

त्याच दुपारी मी लोणच्याची बरणी उचलून खालचा पुठ्ठा वाचला. (शेवटी पदवी कामी आली.) तेलाच्या डागातून बारीक अक्षरं दिसली: जुन्या कंप्युटरसाठी कंपनीच्या वेबसाइटवरून वेगळी फाइल घ्या. मोबाइलच्या नेटवर ती उतरवली, टाकली, बटण दाबलं. प्रिंटर घरघरला. आधी त्यानं अक्षता थुंकल्या, मग कागद दिला!

आई हात जोडून उभी. "पाह्य! तुह्या बी.ए.नं झालं नाही, ते माह्या कुंकवानं झालं."

"आई, मी फाइल टाकली म्हणून—"

"हाव, हाव. अन् ते कुंकू पुसशील तर पाह्य! पूजेचं हाय ते."

मी पुसलं नाही. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, कागद कोपऱ्यातल्या बाणापाशी ठेवा. आता आपण सगळं वाचूनच करायचं, असं ठरवलेली मी. निलेशचा फोटो अगदी बाणाला टेकवून ठेवला. पडद्यावर फोटो उमटला. कपाळावर ठसठशीत लाल टिळा! तो खटकला कुणालाच नाही. आमच्या घरात पोट्ट्याच्या कपाळावर टिळा दिसला, तर त्यात काय पाहायचं? आई तर म्हणाली, "किती सोज्वळ आला फोटो!" फॉर्म मुदतीत गेला. मी गल्लीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

अ‍ॅडमिट कार्ड आलं. ते मोठ्या थाटात मीच छापलं.

"ताई," निलेश म्हणाला (भिलाईत वाढून तो घरातही हिंदीच बोलतो), "ये मेरे माथे पे क्या है? मैंने तो टीका लगाया ही नहीं था।"

खाली ठळक अक्षरांत सूचना होती: उमेदवाराचा चेहरा फोटोशी जुळला पाहिजे. मूळ फोटो काढून पाहिला. कपाळ स्वच्छ. काच पाहिली. टिळा जिथल्या तिथे. मग तिघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

घाबरली नाही ती एकटी आई. "मंग लावून जाय ना कुंकू! घरात कुंकवाचा तोटा आहे काय?"

परीक्षेच्या दिवशी तिनं निलेशला टिळा लावला, वरून करंडा माझ्या पर्समध्ये टाकला. बरं झालं टाकला. भिलाईच्या उकाड्यात, गेटवरच्या धक्काबुक्कीत निलेशनं रुमालानं तोंड पुसलं आणि टिळा रुमालावर गेला. गेटवाल्यानं कार्ड पाहिलं, निलेशला पाहिलं, परत कार्ड पाहिलं.

"फोटो में टीका है। चेहरे पे नहीं है। साइड में आओ।"

"ताई!" निलेश असा ओरडला, की तीन-चार ताया वळल्या.

मी धावले, करंडा उघडला. "हनुवटी वर कर."

"ताई, लोग देख रहे हैं!"

"देखने दे. फोटोत बरोबर मध्ये नाही, जरा बाजूला आहे."

सोबत आलेल्या बाबांनी कार्ड निलेशच्या कानाजवळ धरलं आणि दुसऱ्या हातानं क्रेनवाल्याला करतात तसे इशारे सुरू केले. "लेफ्ट... अजून लेफ्ट... आता लोअर, लोअर... बस्स! होल्ड!"

गेटवाल्यानं पुन्हा पडताळलं आणि निलेशला आत सोडलं. मी करंडा बंद करते तोच मागून एक बाई म्हणाल्या, "बेटी, मेरे लड़के को भी लगा दो।" त्यांच्यामागे आणखी एक. मग रांगच! ‘अंधश्रद्धा आणि समाज’ या विषयावर कॉलेजात भाषण ठोकून बक्षीस घेतलेली मी, परीक्षेच्या गेटवर उभी राहून पोरांना टिळे लावत होते. करंडा संपत आला, तेव्हा गेटवाल्यानंही हळूच टोपी मागे सरकवून कपाळ पुढे केलं.

निलेश पास झाला. ठेकेदाराकडचं काम सुटलं, सरकारी नोकरी लागली. ऑफिसच्या ओळखपत्रावर फोटो तोच, फॉर्ममधला. त्यामुळे तो रोज कुंकू लावून कामाला जातो आणि ऑफिसात सगळे त्याला "पंडितजी" म्हणून राम राम करतात. प्रिंटरही व्यवस्थित चालतो. कधी अडलाच, तर मी पुस्तिका घेऊन धावते.

पण तोवर आई करंडा घेऊन पोचलेली असते.