हिमानीची बेगम

शरदिनीबाई ग्वाल्हेरहून लग्न होऊन काशीला आल्या, तेव्हा सासूबाईंनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली होती. घरात मांजर असू दे, पण स्वयंपाकघरात त्याचा पाय पडता कामा नये. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या उपाध्यांचं घर ते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं, शांती करायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. विश्वेश्वर गुरुजींच्या घरी सोवळं मोडलं असं गल्लीत कुणी म्हटलं, तर पोटावरच पाय यायचा. शरदिनीबाईंनी ते सोवळं बत्तीस वर्षं सांभाळलं.

आणि अशा घरात त्यांच्या एकुलत्या एका लेकीने बेगम आणली.

हिमानी कॉलेजात इतिहास शिकवायची. बँकेतल्या कुणा साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपली पर्शियन मांजर मागे सोडली. हिमानीने ती ओढणीत गुंडाळून घरी आणली. राखाडी रंग, अंगभर हातभर वाटावेत असे केस, आणि नाक जणू कुणी अंगठ्याने आत दाबलेलं. झोपली की घोरायची.

"देवघरासमोर बेगम घोरते आहे," विश्वेश्वर गुरुजी म्हणाले. "यजमानांना काय सांगू?"

"सांगा, बाबा, इराणहून आल्या आहेत. काशीयात्रेला."

रोज दुपारी हिमानी गच्चीच्या जिन्यात बसून तिचे केस विंचरायची, आणि शरदिनीबाई निवडायला भाजी घेऊन पायरीवर बसायच्या. तेव्हा लेक सांगत राही. चारशे वर्षांपूर्वी इटलीतला एक प्रवासी इराणात गेला होता. तिथे खुरासान प्रांतात त्याला अशी लांब केसांची राखाडी मांजरं दिसली आणि आपल्या देशात न्यावी असं त्याला वाटलं. पुढे इंग्लंडात त्यांची प्रदर्शनं भरायला लागली, बक्षिसं लागली. ज्याचे केस जास्त, ज्याचं डोकं जास्त गोल, त्याची पिल्लं जास्त.

"आणि हे नाक?" शरदिनीबाईंनी विचारलं.

"ते अगदी अलीकडचं. पूर्वीच्या चित्रांत यांना चांगलं नाक दिसतं. मग अमेरिकेत चपट्या तोंडाची पिल्लं निघाली, लोकांना गोंडस वाटली, मग तशीच वाढवत नेली. हिला धड श्वासही घेता येत नाही, आई. लोक म्हणतात, किती गोड." हिमानीने गुंतलेला पुंजका कात्रीने कापला. "गंमत म्हणजे आता रक्त तपासून सांगतात, यांचं नातं इराणातल्या मांजरांपेक्षा युरोपातल्या मांजरांशी जवळचं आहे. नाव तेवढं इराणचं उरलं."

"म्हणजे आपल्यासारखंच की," शरदिनीबाई म्हणाल्या. "आडनाव कोकणचं, आणि कोकण पाहिलेलं कुणी नाही."

हिमानी इतकी हसली की बेगम मांडीवरून उठून गेली. आईने आपल्याला हसवलं याचंच तिला अप्रूप. दोन दिवस ती भेटेल त्याला हे सांगत होती.

मागच्या ज्येष्ठात हिमानीला ताप आला. तो डोक्यात गेला. आठवड्यात सगळं संपलं.

त्यानंतर बेगमला शरदिनीबाई विंचरू लागल्या. केस कमी-जास्त उपटले जायचे, पण बेगम सोसायची. विंचरताना शरदिनीबाई तिला तीच हकिकत सांगायच्या, खुरासानपासून. इटलीचा माणूस, इंग्लंडची प्रदर्शनं. मध्ये काही विसरल्या तर आता विचारायला कुणी नव्हतं. म्हणून एकही दिवस न चुकता सांगायच्या. ती मांजर हातात होती तोवर ती हकिकत होती, आणि हकिकत होती तोवर लेकीचा आवाज कानात होता.

वर्षश्राद्ध जवळ आलं. अविवाहित मुलीचं एवढं साग्रसंगीत कशाला, असं गल्लीतल्या दोघा-तिघांनी गुरुजींना सुचवून पाहिलं. गुरुजींनी ऐकलं नाही. "दुनियाभरच्या लेकरांचं करतो. माझ्या लेकीचं अर्धं करू?" त्या दिवशी शरदिनीबाईंनी ठरवलं, कुणाला बोट ठेवायला जागा राहू द्यायची नाही.

गुरुजींची थोरली बहीण आनंदी पहाटेच अमृतराव घाटाकडून स्वयंपाकाला आली. आल्या आल्या तिने विचारलं, "ती केसाळ बाई कुठे आहे?"

"हिमानीच्या खोलीत ठेवते, वन्सं. कूलर आहे तिथे."

"त्या खोलीत ब्राह्मण बसणार. कूलर त्यांना नको? हाऱ्याखाली घाल. आमच्या आईने प्रत्येक श्राद्धाला घातलंय. एक तरी मांजर मेलं का?"

ते खरंच होतं. श्राद्धाच्या दिवशी घरची मांजर हाऱ्याखाली, म्हणजे वेताच्या मोठ्या उपड्या टोपलीखाली, वर पाटा. पानं उठली की बाहेर. शरदिनीबाईंनी स्वतः कितीदा घातली होती. पिंडाच्या भाताला मांजरीचं तोंड लागलं, तर सगळं श्राद्ध फुकट. हिमानीचं फुकट.

त्यांनी बेगमला गच्चीच्या खालच्या खोलीत नेलं. पाणी ठेवलं, हारा घातला, वर पाटा ठेवला. खोली तापायला लागली होती. म्हणून त्यांनी गोणपाट भिजवून चारी बाजूंनी हाऱ्यावर पांघरलं. गार राहील. दोनदा नीट ओढून घेतलं, कुठे फट राहू नये म्हणून.

मग अंघोळ करून ओल्या सोवळ्याने चुलीपुढे बसल्या.

संकल्प चालू असताना लाइट गेली. ब्राह्मण उपरण्याने वारा घेऊ लागले. वरून नखांचा आवाज येत होता, वेतावर ओरखडे. शरदिनीबाई खिरीचं पातेलं खाली ठेवून जिन्यापर्यंत गेल्या.

"वर गेलीस तर परत न्हावं लागेल," आनंदी म्हणाली. "पानं खोळंबतील. मांजर आहे, ओरखडणारच."

त्या पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आवाज थांबला.

"झोपली," आनंदी म्हणाली.

"झोपली," शरदिनीबाई म्हणाल्या, आणि वडे तळायला बसल्या.

श्राद्ध निर्विघ्न पार पडलं. ब्राह्मणांनी खीर मागून घेतली. पानं उठल्यावर शरदिनीबाई वाटीत दूधभात घेऊन वर गेल्या. गोणपाट अजून ओलं होतं. हारा उचलला तर आत कोंदट वाफ होती. बेगम पाण्याच्या वाटीशी तोंड उघडं टाकून पडली होती. हनुवटीखालचे केस घामाने भिजावेत तसे चिकटले होते.

नाकाचं त्यांना ठाऊक होतं. रोज स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या.

आनंदी वर आली, दारात थबकली. "अगं बाई." मग खालच्या आवाजात म्हणाली, "विश्वू सांगेल काय करायचं ते. लोक एवढ्या लांबून येतात त्याच्याकडे."

येत होतेच. गाडीखाली मांजर आलं, दारात चिरडलं, की मराठी माणूस काशीला सोन्याचं मांजर दान करायला निघायचा. सोनं न परवडणारे चांदीचं आणायचे. गुरुजी संकल्प सांगायचे, घाटावर दान घ्यायचे आणि म्हणायचे, जा, सुटलात.

संध्याकाळी गुरुजींनी बेगमला स्वतः उचललं. हयातीत तिला कधी हात लावला नव्हता. एका धोतरात गुंडाळून नावेतून पलीकडे नेली आणि वाळूत खोल पुरून आले. येताना ठठेरी बाजारातून चांदीचं मांजर घेऊन आले, अंगठ्याएवढं. शरदिनीबाई जिन्यात बसल्या होत्या. त्यांच्या पदरावर राखाडी केस होते. गुरुजींनी ते मांजर पायरीवर ठेवलं.

"उद्या सकाळी करून टाकू," ते म्हणाले. "तुला बरं वाटेल."

"लोकांना वाटतं?"

"वाटतं. पाया पडतात, रडतात, मग गाडी पकडून गावी जातात."

"त्यांचं बरं आहे," शरदिनीबाई म्हणाल्या. "इथे टाकून जायचं. आपण कुठे जायचं, अहो?"

गुरुजी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. खाली गल्लीतून कुणीतरी मराठी यात्रेकरू उपाध्यांचं घर विचारत होता. दोघांपैकी कुणी उठलं नाही.