निवारणबाबूंचा श्लोक आणि पावणेसात इंची फोन

आमच्या घरात तीन आकारांचे फोन होते: मोठा, खूप मोठा आणि माझा.

माझा फोन मुठीत मावायचा. शर्टाच्या खिशात टाकला की तो आहे हे मीही विसरायचो आणि खिसाही विसरायचा. बँकेने बदली करून मला कोलकात्याला धाडलं त्याला अठरा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी बालीगंजमधला तिसरा मजला स्वीकारला, भाजीत साखर स्वीकारली, जावई बंगाली असणार हेही स्वीकारलं. मोठा फोन तेवढा स्वीकारला नाही.

"अहो, त्यावर दिसतं तरी का काही तुम्हाला?" सुनंदा, म्हणजे माझी बायको, विचारायची.

"सगळं दिसतं."

(दिसत नव्हतं. बरेचसे मेसेज मी अंदाजाने वाचायचो. साडूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर मी 'हार्दिक अभिनंदन' पाठवलं होतं.)

मग आमच्या सईचं लग्न ठरलं. मुलगा अनिर्बाण, तिच्याच ऑफिसातला. सकाळी आपल्या पद्धतीने लग्न आणि संध्याकाळी त्यांच्या पद्धतीने, असं दोन्ही घरांनी खेळीमेळीत ठरवलं. फक्त अनिर्बाणची आजी गप्प होती. वय चौऱ्याऐंशी. सगळे त्यांना ठाकुमा म्हणतात. (त्यांचं बंगाली मी इथे मराठीतच देतो. मला त्याचं मराठी करता येतं, उलट मात्र जमत नाही.)

त्यांची कळी खुलावी म्हणून मी माहिती दिली, "आमच्यात मंगलाष्टकं म्हणतात. त्यात घरातल्या माणसांची नावं गुंफतात. तुमचंही नाव घालतो की!"

"माझं नको," त्या म्हणाल्या. "ह्यांचं घाला. निवारणचंद्र. नातवाचं लग्न बघायचं म्हणून फार आस लावून बसले होते. दीड वर्ष कमी पडलं."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. तेव्हा माझे डोळे ओले झाले होते, त्यामुळे निवारणचंद्र हे नाव शार्दूलविक्रीडितात बसवायचं म्हणजे काय, हा विचार मनात आला नाही. तो घरी आल्यावर आला. पंधरा दिवस मी बोटांवर लघु-गुरू मोजत हिंडलो. शेवटी ओळ जमली: 'स्वर्गातून बघे निवारण सुखे, आशीष देई तुम्हां!' वृत्तापायी निवारणबाबूंचं आदरार्थी बहुवचन गेलं, पण ते स्वर्गात असल्याने चालवून घेतील असं वाटलं. असे एकूण पाच श्लोक रचले, शेवटचा निवारणबाबूंचा, आणि सगळे फोनमध्ये लिहून ठेवले.

रंगीत तालीम घरातच झाली. माझ्या फोनवर एका ओळीत तीन शब्द मावत होते. अक्षर मोठं केलं तर 'कुर्या' वर आणि 'त्' खाली!

"असं वाचलंत तर अंतरपाट दूर व्हायच्या आत पोरगी साठीला येईल," सुनंदा म्हणाली.

"बाबा, तू प्रिंट काढून घे ना," सई म्हणाली.

शहाण्या माणसाने प्रिंट काढली असती. पण 'या फोनवर सगळं होतं' हे वाक्य मी वर्षानुवर्षं इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की कागद हातात धरणं म्हणजे शरणागतीच. त्यापेक्षा नवा फोन घेणं बरं! (हे तर्कशास्त्र तेव्हा मला बिनचूक वाटलं होतं.)

एस्प्लनेडच्या दुकानात मी म्हणालो, "सबसे छोटा दिखाइए."

काउंटरवरच्या गृहस्थांनी पावणेसात इंचांची एक पाटी पुढे केली.

"छोटा बोला मैंने."

"दादा, येही छोटा है. इससे छोटा अब कोई बनाता नहीं, कोई लेता भी नहीं."

माझ्या जुन्या फोनमधल्या सगळ्या नोंदी त्यांनी नव्यात उतरवून दिल्या. एकापाठोपाठ एक, पुस्तकाच्या पानांसारख्या. बोट आडवं फिरवलं की पुढची नोंद. "बहुत सुविधा होगा दादा!" ते म्हणाले. मंगलाष्टकांच्या पुढच्याच पानावर काय आहे, हे बघायची बुद्धी मला झाली नाही.

तिथे होतं आमच्या इमारतीचे सेक्रेटरी घोषबाबू यांना लिहिलेलं तक्रारपत्र. चार महिने आमच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि घोषबाबू पंप दुरुस्त करत नव्हते. आता मला बाहेर वावरायला हिंदी पुरते, बँकेत इंग्रजी, मासळीवाल्याशी बंगाली. रागावता मात्र मराठीतच येतं. म्हणून तक्रारीचा कच्चा मसुदा मी आधी मराठीत मनसोक्त लिहून घेतो आणि मग इंग्रजीत सौम्य करून पाठवतो. फोनमध्ये होता तो सौम्य करायच्या आधीचा.

लग्नाचा दिवस उजाडला. नागपूरहून आणलेल्या गुरुजींचा घसा रेल्वेच्या एसीने धरला होता. दोन श्लोकांतच त्यांचा आवाज बसला आणि त्यांनी मला खूण केली. मी पुढे झालो. अंतरपाटाच्या अलीकडे सई, पलीकडे अनिर्बाण. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत ठाकुमा, मुठीत अक्षता घट्ट धरून, कान माझ्याकडे लावून. त्यांच्या शेजारी घोषबाबू.

हा फोन एका हातात मावणारा नव्हेच. मी तो दोन्ही हातांनी पोटाशी आडवा धरला आणि सुरुवात केली. अक्षरं टपोरी, स्वच्छ. पहिला श्लोक सुरेख झाला. "शुभमंगल सावधान!"

सईच्या मैत्रिणींनी बंगाली मंडळींना शिकवून ठेवलं होतं, की 'सावधान' ऐकू आलं की तांदूळ टाकायचे. त्यांनी ते मनावर घेतलं. आपल्याकडे लोक चार दाणे बोटांनी उडवतात, यांनी मुठीच्या मुठी भिरकावल्या. शिवाय नवरानवरीला अंतरपाट, मामा आणि करवल्या यांची आड होती. मोकळा असा मी एकटाच सापडलो. माझा जुना फोन असता तर त्यावर फार तर दोन दाणे पडले असते. या परातीवर वाटीभर पडले.

अक्षता कुंकवाने ओलसर असतात. त्या चिकटल्या. मी गाता गाता तळहाताने त्या बाजूला सारल्या आणि दुसरा श्लोक सुरू केला.

"महोदय, चार महिने झाले, आमुच्या नळाला थेंब नाही..."

मंगलाष्टकाच्या चालीचा एक गुण आहे. तिच्यात काहीही बसतं. अर्धी ओळ होईपर्यंत मलाही काही वावगं वाटलं नाही! मग वाटलं. मी थबकलो.

"थांबू नका!" गुरुजी बसक्या आवाजात फिसकारले. "मुहूर्ताला अजून पाच मिनिटं आहेत. म्हणत राहा!"

मागे जावं म्हणून बोट फिरवलं. बोटाखाली दोन ओले तांदूळ होते. फोनला कोणाचं ऐकावं कळेना आणि तो जागचा हलेना. इकडे दीडशे माणसं मुठी उगारून 'सावधान'ची वाट बघत होती.

मी म्हणत राहिलो.

"घोषबाबू, तुम्हांस लाज नसे का, पहिल्या मजली राहता... कुर्यात् सदा मंगलम्!"

"अहो!" मागून सुनंदाचा आवाज आला. "हे काय?"

"शुभमंगल सावधान!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अक्षतांचा सडा पडला. तिसऱ्या फेरीत पुन्हा घोषबाबू आणि पंपाची मोटर आली, चौथ्या फेरीत 'घोषबाबू, एकदा तरी बादली घेऊन तीन जिने चढून दाखवा' हे आलं. सईच्या मुंडावळ्या गदागदा हलत होत्या. अनिर्बाणच्या मावशीला वाटलं पोरीला माहेर सुटल्याचं रडू येतंय. ती बिचारी सईचे डोळे पुसायला धावली आणि स्वतःच रडायला लागली. घोषबाबू आपलं नाव ऐकून प्रत्येक वेळी बसल्या जागी हात जोडत होते. मुहूर्ताची वेळ झाली, अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, सनई वाजली. निवारणबाबूंचा श्लोक राहिला तो राहिलाच.

पुढचा अर्धा तास मी अभिनंदनं स्वीकारत ठाकुमांची नजर चुकवत होतो. घोषबाबूंनी तर मला मिठी मारली. "मेरा नाम! तीन बार!" असं म्हणत ते माझी पाठ थोपटत राहिले. मला त्यांच्या खांद्यावरून फक्त ती पहिल्या रांगेतली पांढरी साडी दिसत होती. एवढा खजील मी नोकरीत कधी झालो नव्हतो, आणि तिथे तशा संधी बऱ्याच मिळाल्या होत्या.

जेवणं झाल्यावर ठाकुमांनीच मला बोलावलं.

"घोषबाबूंचं नाव मी तीनदा मोजलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "ह्यांचं कधी आलं? माझं लक्ष चुकलं का?"

त्यांची उजवी मूठ अजून मिटलेली होती. अक्षता त्यांनी टाकल्याच नव्हत्या. नाव आल्यावर टाकायच्या म्हणून सकाळपासून धरून बसल्या होत्या, डाव्या हाताने जेवणं अशुभ म्हणून जेवल्याही नव्हत्या.

मी सगळं खरं सांगितलं. फोन, तांदूळ, पंप, सगळं. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो, फोन रुमालाने कोरडा केला, श्लोक शोधला आणि त्यांच्या एकटीसाठी म्हटला. नाव आलं तशी त्यांनी मूठ उघडली. घामाने भिजलेले दाणे माझ्या चष्म्यावर पडले, फोनवर पडले. या वेळी मी एकालाही हात लावला नाही. दाण्यांच्या फटींतून वाचत श्लोक पुरा केला. माझा आवाज कापत होता आणि तो कापतोय याची मला लाज वाटली नाही.

ठाकुमांनी पदराने डोळे टिपले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"छान म्हटलंत. त्यांना पोचलं असेल," त्या म्हणाल्या. मग मला वाईट वाटणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "पण खरं सांगू? सकाळी घोषबाबूंचं म्हणताना गळ्यात जिव्हाळा जास्त होता."