एमआरआयच्या खोलीतला चिखल

या सदरातले अनुभव मी चहासोबत वाचते आणि बहुतेकांना हसते, हे आधीच सांगून टाकते. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... मी जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दाराला कुणी लिंबू-मिरची टांगली तर त्यातल्या लिंबाचं सरबत करणारी बाई मी. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या वडिलांच्या बाबतीत जे झालं, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि अजून माझ्या विज्ञानात बसत नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. असोद्याला त्यांनी जन्मभर केळी केली. केळीच्या वाफ्यात चप्पल घालून कुणी शिरायचं नाही, हा त्यांचा दंडक. पाणी पुरेसं झालं की नाही हे ते अनवाणी तळव्याने ठरवत. चिखलात पाय दाबून उभे राहत आणि मग माझ्या भावाला सांगत, "बस, मोटर बंद कर."

पुढे त्यांना साखर निघाली आणि हळूहळू तळव्यांची जाणीवच गेली. बाभळीचा काटा आत मोडला तरी कळलं नाही. जखम दिसली ती चिघळल्यावर. मी त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं. रोज सकाळी त्यांचे पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळवे तपासायचे, हे काम माझं. आबा कॅनव्हासचे बूट घालून खुर्चीत बसून राहत. "माय, हे पाय माह्ये नही," म्हणत. "दुसऱ्या कोनाचे लावून देल्हे." मला ते ऐकवत नसे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की साखरेने गेलेल्या नसा परत येत नाहीत. पण पायातली ताकदही फार भराभर चाललीय, तेव्हा कमरेत एखादी नस दबली असेल तर ऑपरेशनने थोडी जाणीव येऊ शकेल. एमआरआय करून बघू. आमच्यासाठी तेव्हा एमआरआय म्हणजे मुंबई. आबांच्या कमरेत बिघाड निघावा म्हणून मी देव पाण्यात घालायचीच बाकी होते.

तिथे आबा चांदीचा करदोडा काढू देईनात. जित्या माणसाची कंबर रिकामी ठेवत नाहीत. शेवटी मी आधी काळा दोरा बांधला, मग चांदीचा उतरवला. पाय सकाळीच धुतले होते. बूट-मोजे टेबलापाशी मीच काढले... तळवे स्वच्छ, कोरडे. हे मी शपथेवर सांगेन.

मी काचेच्या अलीकडे ऑपरेटरजवळ बसले. मशीनची ठकठक सुरू झाली. मध्येच माइकवर आबांचा आवाज आला.

"माय, पानी कोनी सोडलं?"

"आजोबा, हलू नका," ऑपरेटर म्हणाला.

"घोट्यापर्यंत आलं. थंडगार हाये... माय, मले लागू ऱ्हायलं. पायाले गार लागू ऱ्हायलं."

आणि आबा रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

टेबल बाहेर आलं. तळवे पाण्यात तासन् तास उभं राहिल्यासारखे पांढरे, सुरकुतलेले. पायाखालची चादर ओली. आणि बोटांच्या बेचक्यांत काळा, ओला चिखल. मी बोटावर घेऊन हुंगला. केळीच्या बागेत पडलेली पानं कुजतात, तो वास होता. खोलीत नळ नव्हता. ऑपरेटर मला म्हणाला, "मॅडम, पेशंटचे पाय तरी धुवून आणायचे." त्यानेच कापसाने सगळं पुसून टाकलं.

रिपोर्ट आला की कमरेत काही नाही. दुसऱ्यांनी पेढे वाटले असते. आमच्यासाठी अर्थ एवढाच, की सगळं साखरेचं आणि उपाय नाही.

आबांना हे पटेना. तुम्ही ज्याला तपासणी म्हणता, त्यांच्या लेखी तो इलाज होता. "मले पुन्हा त्या मशीनीत घाल. एकडाव घाल." मी रोज समजावायची की आबा, ते फक्त फोटो काढतं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगू? मनातून मलाही त्यांना परत घालावंसं वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात जखम हाडापर्यंत गेली. पाय कापायला हवा होता, पण आबा मशीनचं पालुपद सोडेनात. नेमकी डॉक्टरांनाही हाडात कुठवर पसरलंय ते पाहायला एमआरआय हवी होती. आबांनी निघताना दाढी करून घेतली, ठेवणीतलं धोतर नेसले. गाडीत शेजारच्यांना सांगत होते, आता पाय सुधरते.

तीच खोली, तीच ठकठक. मी माइककडे कान लावून बसले. आबा काहीच बोलले नाहीत. टेबल बाहेर आलं तेव्हा पाय मी पुसले होते तसेच, कोरडे.

"पायाला पाणी लागलं का?" मी विचारलं.

"नही, माय."

मी त्यांना मोजे घालत होते. दुसरा मोजा चढवताना ते म्हणाले, "डॉक्टरले सांग, कापून टाका म्हना."

पाय गेला. पावसाळा संपायच्या आत आबाही गेले.

मशीनमुळे कधीकधी नसा झिणझिणतात, असं मी नंतर ऐकलं. असेल. झिणझिण्यांनी चिखल येत नाही. तो कुठून आला, याचा विचार मी केव्हाच सोडला. मला एवढंच कळत नाही... ज्याने कुणी आबांना त्यांचे पाय एकदा परत दिले, त्याला दुसऱ्यांदा काय जड होतं?