दोर कोणाच्या हातात

ब्राह्मणपुरीला विहीर खोदायला आम्ही पाच जण होतो. मी कमरेला दोर बांधून उतरायचो, बाकीचे वरून धरायचे. आमच्यातल्याच गवंडी मियांनं बांधलेल्या विहिरीच्या कडेला मी वाकडी म्हटलं, तेव्हापासून आमचा अबोला. त्याला मी दोराला हात लावू देईना. काम रखडलं. टोपल्या वाहणारी माझी बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "त्यानाच हातमा दोर द्या, नहीते घर चाला."

लाजेनं दिला. अर्ध्यावरून वर पाहिलं, तर त्यानं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलेलं.

"तू पडशी ते मी बी पडसू! आते तरी सरळ म्हन!"

"वाकडीच शे!" मी ओरडलो. सगळे हसले.

पुढं दोर कोण धरतो, हे मी कधी पाहिलं नाही. टोळी एक ठेवली म्हणून लोक मला मानायचे. अक्कल बायकोची होती. हे तिला सांगायचं राहिलं.