तळोज्याची पेटी

पनवेलपासून उरणपर्यंत सोलरची पेटी माझ्याएवढी झटपट कोणी जोडत नाय. जोडलेली परत उघडायला पण माझ्याएवढं कोणी जात नाय. त्या दिवशी कामोठ्यात शिडीवर होतो. नानांच्या नंबरावरून फोन आला आणि मी आधीच बोलून टाकलं, "केलं नाना, तळोज्याचं कालच बदललं!" पलीकडे त्यांची सून होती. "दादा, नाना सकाळी गेले…"

दीड महिना झाला. ती थाप नानांनी ऐकली नाय, तेवढं बरं झालं. पण तेव्हापासून एका जागी बसवत नाय.

आमच्या जोडीत नाना लायसनवाले, सही त्यांची. मी चौथी नापास, पक्कड माझी. नियमाचं पुस्तक ते वाचायचे आणि जेवताना मला सांगायचे, "घरात आता दोन बाजूंनी वीज येते रे. मेन, म्हणजे बाहेरची लाइन, पेटीतल्या तांब्याच्या पट्टीच्या वरच्या टोकाला, तर सोलर खालच्या टोकाला जोडायचा. दोघं शेजारी बसवलेस तर दोघांचा भार पट्टीच्या एकाच तुकड्यावर येतो. मेनचा स्विच पडायचा नाय, तांब्याची पट्टी मात्र जळेल."

मी बोलायचो, "नाना, पट्टीला काय कळतं कोण कुठून आला?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

तळोज्याच्या त्या घरी माझी वायर वीतभर कमी पडली. मी सोलर मेनच्या शेजारीच चिकटवला, झाकण लावलं आणि वर त्या घरच्या वहिनींना बोललो, "वीस वर्षं हे झाकण उघडायला लागणार नाय." नानांनी मोबाइलात फोटो बघितला. "बदल." मी "उद्या" बोललो. एवढी फुशारकी मारून परत त्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? नाना वारले त्याच्या चार दिवस आधी पण त्यांनी विचारलं, "तळोज्याचं झालं?" मी परत "उद्या". ते फक्त "बरं" बोलले… ते "बरं" अजून कानात हाय.

मग मी सगळ्या जुन्या पेट्या उघडत फिरलो. फक्त तळोज्याच्या त्या घरावरून तीनदा गेलो, गाडी काय थांबेना. रविवारी थांबलो. काय पेटलं असेल, हीच धास्ती.

वहिनी बोलल्या, "सोलर बंद हाय. नाना जायच्या आठवडाभर आधी रिक्षा करून आले, धापा टाकत जिना चढले आणि स्विच पाडून गेले."

पेटीवर चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरात. "चालू करू नये."

"मग त्यांनीच का नाय बदललं?"

"मी पण तेच बोलले. तर नाना बोलले, ज्याने जोडलं त्यानेच उघडायचं. तो येईल. फोन करू नका, लाजेल."

म्हणजे ते "बरं" बोलले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं… माझ्या हातात पक्कड, डोळ्यांत पाणी. पाणी घेऊन विजेच्या पेटीजवळ उभं राहायचं नसतं, एवढा नियम मला पण येतो. म्हणून बाजूला सरकलो.

वहिनी बोलल्या, "कुठं चाललात? रडायला घर हाय तुमाला. आधी ती वायर बदला."